चार पौंडांचा इनसाइड राइट

शनिवारी दुपारचा भोंगा झाला की ब्रॅडफर्डमधली माणसं घराकडे वळत नाहीत. आज तर नाहीच. तारीख ११ मार्च १९११. तुम्ही मॅनिंगहॅम लेनवर उभे आहात आणि कापडी टोप्यांचा लोंढा तुम्हाला ढकलत उतारावरून खाली नेतोय. सगळ्यांच्या कपड्यांना लोकरीच्या तेलकटपणाचा वास आहे. अख्खं शहर लोकर विंचरतं, काततं आणि विणतं. मागे वळून पाहिलंत तर लिस्टरच्या गिरणीची ७६ मीटर उंचीची चिमणी दिसेल. यंदा राजा पाचव्या जॉर्जच्या राज्याभिषेकासाठी लागणारी मखमल तिथलीच. पण मागे वळायला जागा कुठे आहे? खिशातली सहा पेन्सांची नाणी मुठीत घट्ट धरा, दारावर तेवढेच पैसे पडतात.

व्हॅली परेड हे मैदान टेकडीच्या कुशीत खोदून काढलेलं आहे. इंग्लंडमधल्या फुटबॉलच्या एफए कपच्या चौथ्या फेरीत ब्रॅडफर्ड सिटीची गाठ बर्नलीशी आहे आणि आत ३९,१४६ माणसं कोंबली आहेत. या मैदानावर एवढी गर्दी पुन्हा कधीच होणार नाही. तुम्ही पार मागे अडकलात, त्यामुळे मैदान दिसत नाही, पुढच्याच्या मानेवरची काजळी तेवढी दिसते. खेळ कानांनी पाहायचा. एकदा गर्जना होते आणि ती खाली बसता बसत नाही. सिटीनं एक गोल केला, आणि तेवढाच पुरला.

सिटीच्या याच संघातल्या जिमी स्पीर्सला बघायचं तर इथून उत्तरेला जायला हवं, आणि नऊ वर्षं मागे.

ग्लासगोचा गोवन भाग, ५ एप्रिल १९०२. क्लाइड नदीकाठच्या गोद्यांमध्ये जहाजांचे सांगाडे उभे आहेत. हातोड्यांचे आवाज आज जरा लवकर थांबलेत, कारण जवळच आयब्रॉक्स मैदानावर स्कॉटलंड विरुद्ध इंग्लंड सामना आहे. याच वस्तीत २२ मार्च १८८६ रोजी जन्मलेला जिमी आता सोळा वर्षांचा आहे. तुम्ही पश्चिमेकडच्या लाकडी मचाणावर चढू नका. लोखंडी सांगाड्यावर फळ्या ठोकून उभारलेलं हे उंच मचाण गर्दीच्या वजनानं मधेच फाटतं, आणि पायाखालून फळ्या गेलेली माणसं सरळ खाली कोसळतात. २५ जण मेले, पाचशेहून अधिक जखमी झाले. तुम्हाला सर्वात चमत्कारिक वाटेल ते पुढे आहे: सामना थोडा वेळ थांबतो, मग पुन्हा सुरू होऊन पूर्ण खेळला जातो. बाहेर माणसं फळ्यांवरून उचलून नेताहेत आणि आत चेंडू फिरतोय. गर्दी चवताळली तर आणखी माणसं मरतील, असा हिशेब त्यामागे होता म्हणतात. असेलही. पण खेळ थांबवायचा नाही ही त्या काळाची सवय पुढे तुम्हाला आणखी एकदा भेटणार आहे.

ते मैदान आखणाऱ्या इंजिनियरचं नाव आर्चिबाल्ड लीच, तोही ग्लासगोचाच. एवढ्या दुर्घटनेनंतर त्याचा धंदा बुडेल असं तुम्हाला वाटेल, पण तो वाढला. त्यानंच आयब्रॉक्स मातीच्या भरावावर नव्यानं बांधलं. पुढे १९०८ मध्ये व्हॅली परेडचं कामही त्याच्याकडे गेलं आणि १९१० साली उघडलेलं मँचेस्टरचं ओल्ड ट्रॅफर्डही त्याचंच. स्पीर्सचं आयुष्य या एकाच माणसाच्या मैदानांवरून पुढे सरकत गेलं.

मधली वर्षं भरभर जाऊ द्या. अ‍ॅनानडेल, मेरीहिल अशा छोट्या क्लबांमधून तो १९०५ मध्ये आयब्रॉक्सच्याच रेंजर्सकडे आला, म्हणजे घराजवळच. पण वेळ चुकीची होती. ग्लासगोच्या पलीकडच्या टोकाला सेल्टिकनं लीगचं अजिंक्यपद ओळीनं सहा वर्षं आपल्याकडे ठेवलं, आणि स्पीर्सची रेंजर्समधली तीनही वर्षं त्याच सहांत मोडली. मार्च १९०८ मध्ये डंडीच्या डेन्स पार्कवर तो वेल्सविरुद्ध स्कॉटलंडकडून खेळला. स्कॉटलंड २-१ असं जिंकलं. पुन्हा त्याला कधी बोलावणं आलं नाही. त्या जागेसाठी स्कॉटलंडमध्ये इतके जण रांगेत होते की एक सामना मिळणं हेही कमी नव्हतं. मग एक हंगाम क्लाइड क्लबकडे, जो त्या वर्षी लीगमध्ये तिसरा आला, आणि १९०९ च्या उन्हाळ्यात इंग्लंडची गाडी.

त्या गाडीत तो एकटा नव्हता. कोकणातून मुंबईच्या गिरणीत येणारा चाकरमानी जसा आधी आलेल्या गाववाल्याच्या खोलीवर उतरतो, तसाच स्कॉटिश खेळाडू इंग्लंडच्या गिरणगावांत उतरत असे. ब्रॅडफर्ड सिटीचा मॅनेजर पीटर ओरूर्क स्कॉटिश. आघाडीचा फ्रँक ओरूर्क स्कॉटिश. संघाच्या खोलीत शिरलात तर यॉर्कशरची बोली कमी आणि ग्लासगोचीच जास्त ऐकू येईल. एका पिढीपूर्वी इंग्लंडनं अशा पाहुण्यांना ‘स्कॉच प्रोफेसर’ म्हणायला सुरुवात केली होती, कारण धावत चेंडू पुढे रेटण्याऐवजी तो एकमेकांना देत न्यायचा असतो हे त्यांनी इंग्रजांना शिकवलं. आता प्रोफेसरकीचा बडेजाव संपला होता. आता ते कामाला येत.

कामाचे दर ठरलेले. १९०१ पासून इंग्लंडमध्ये खेळाडूला आठवड्याला चार पौंडांहून जास्त द्यायचे नाहीत असा नियम होता. ही रक्कम गिरणीतल्या कुशल कामगाराच्या पगाराच्या दुपटीहून जास्त होती, म्हणून आजूबाजूला कुणाला खेळाडूची कीव येत नसे. पण कामगार वैतागला तर समोरच्या गिरणीत जाऊ शकत होता, खेळाडू नाही. एकदा क्लबच्या वहीत नाव चढलं की क्लबनं सोडल्याशिवाय दुसरीकडे खेळता येत नसे, आणि क्लब सोडायचा तो दुसऱ्याकडून पैसे घेऊनच. स्पीर्स आला त्याच उन्हाळ्यात खेळाडूंच्या संघटनेनं या व्यवस्थेला शिंगावर घेतलं. फुटबॉल असोसिएशननं बजावलं की संघटना सोडा, नाहीतर नोंदणी रद्द. बहुतेकांनी सही करून टाकली. मँचेस्टर युनायटेडच्या खेळाडूंनी मात्र हट्ट धरला, स्वतःला ‘बहिष्कृत’ म्हणवून घेतलं आणि तसा फलक हातात धरून फोटोही काढला. मला त्या फोटोतल्या माणसांबद्दल फार प्रेम आहे. पण तुम्ही ज्याच्यासाठी आलात तो त्या फोटोत नाही.

आता २२ एप्रिल १९११. दक्षिण लंडनमध्ये क्रिस्टल पॅलेसच्या बागेत एफए कपचा अंतिम सामना. मैदानाच्या कडेला जत्रेतली गाडी वर-खाली धावतेय आणि लोक गवताच्या उतारावर डबे उघडून बसलेत. समोर न्यूकॅसल युनायटेड, गेल्या वर्षीचा कपविजेता संघ. १९०५, १९०७, १९०९ अशी तीनदा लीग जिंकलेला हा संघ याच पॅलेसवर तीन अंतिम सामने हरलाय आणि एकदा बरोबरीत सुटलाय. इथं त्यांना जिंकता येत नाही हे पोरंसुद्धा सांगतील. आजही जिंकता येत नाही. ब्रॅडफर्डलाही येत नाही. ०-०. तुम्ही लंडनपर्यंत आलात म्हणून सांगतो, या सामन्यात लिहिण्यासारखं फार काही झालं नाही.

बुधवार, २६ एप्रिल, ओल्ड ट्रॅफर्ड. इथं मात्र जागा नीट धरा, गोलजाळीच्या मागे.

५८,००० माणसं आहेत आणि त्यातली हजारो यॉर्कशरहून खास गाड्यांनी डोंगर ओलांडून आलीत. कामाचा दिवस आहे. कुणाचा पगार कापला जाणार, कुणाची आजी आज दुसऱ्यांदा वारली. ब्रॅडफर्डच्या अंगात गडद लाल आणि पिवळट सोनेरी रंग, न्यूकॅसलच्या अंगात काळे-पांढरे पट्टे. पाठीवर आकडे नाहीत, ती पद्धत यायला अजून बराच काळ आहे. कोण कोण आहे ते चालीवरून आणि केसांवरून ओळखायचं. ब्रॅडफर्डच्या अकरांत आठ स्कॉटिश आहेत. शनिवारी मधल्या फळीत विली गिल्डी होता, आज त्याच्या जागी रॉबर्ट टॉरन्स आहे, तोही स्कॉटिशच. बदली खेळाडू नावाची गोष्टच नाही. पाय मोडला तर मोडक्या पायानं कडेला उभं राहायचं.

स्पीर्स कर्णधार आहे, वय २५. त्याची जागा इनसाइड राइट. आजच्या प्रेक्षकाला ही जागा समजावून सांगावी लागते. मागे दोन, मधे तीन, पुढे पाच अशी मांडणी. त्या पाचांत टोकाचे दोघे रेषेला चिकटून धावतात आणि मधला गोलासमोर धडका देतो. राहिलेले दोघे म्हणजे इनसाइड. मधल्या फळीकडून चेंडू मागून घ्यायचा, टोकाला पुरवायचा आणि पुन्हा धावत गोलाशी हजर व्हायचं. दुपारभर सर्वात जास्त पळणारे आणि सर्वात कमी टाळ्या मिळणारे हे दोघे. त्यातच ऑफसाइडचा नियम वेगळा. पुढच्या खेळाडूसमोर प्रतिस्पर्ध्यांचे तीन जण असायलाच हवेत. न्यूकॅसलचा बचावपटू बिल मॅक्रॅकन या नियमाचा पक्का मुरब्बी. नेमक्या क्षणी दोन पावलं पुढे सरकून तो अख्खी आघाडी फशी पाडत असे. पुढे त्याच्यासारख्यांनी खेळ इतका कोंडला की १९२५ मध्ये नियमच बदलावा लागला.

चेंडूकडे बघा. कातड्याचे तुकडे शिवून केलेला, आत फुगा आणि तोंडाशी वादी बांधलेली. ओला झाला की दगड होतो. डोक्यानं मारताना ती वादी कपाळाला लागली तर भुवई फाटते, म्हणून चेंडू हवेत फिरत असताना वादी कुठल्या बाजूला आहे हे बघायची सवय जुन्या खेळाडूंना असते. गोलरक्षकाला १९१२ पर्यंत आपल्या अर्ध्या मैदानात कुठेही चेंडू हातानं अडवायची मुभा आहे. त्याच्या बदल्यात त्याला खांद्यानं ढकलून चेंडूसकट जाळीत लोटण्याची मुभा इतरांना आहे. न्यूकॅसलच्या गोलात जिमी लॉरेन्स आहे, ग्लासगोचाच.

पंधरावं मिनिट. चेंडू न्यूकॅसलच्या गोलासमोर उंच चढतो. स्पीर्स त्याच्याखाली जातो आणि डोकं लावतो. हेडरमध्ये ना जोर, ना नेम. लॉरेन्स पुढे येतो, पण फ्रँक ओरूर्कही धावत त्याच्यावर येतोय. क्षणभर लॉरेन्सची नजर चेंडूवरून माणसावर जाते. चेंडू त्याला चुकवून पडतो आणि सावकाश, आपण कुठे जातोय याची खात्री नसल्यासारखा, रेषेपलीकडे जातो.

गोल नेमका कुणाचा झाला हे गर्दीला कळत नाही. तुमच्या डावीकडचा माणूस ओरूर्कचं नाव घेऊन ओरडतोय, उजवीकडचा स्पीर्सचं. पाठीवर आकडे नसल्याचा हा परिणाम. नोंद स्पीर्सच्या नावावर झाली आणि तीच टिकली.

मी हा गोल न पाहता त्याबद्दल इतकं वाचलंय की तो मला देखणा वाटायला हवा होता. तो देखणा नाही, आणि मला त्याचं फारसं वाईटही वाटत नाही. हेच काम रोज करणाऱ्या माणसाचा एखादा दिवस बरा जातो, तसा तो आहे. त्यानंतरची पंच्याहत्तर मिनिटं अधिक बघण्यासारखी आहेत. न्यूकॅसल चाल करून येतं आणि टॉरन्स पुन्हा पुन्हा मधे उभा राहतो, डोक्यानं, छातीनं, पायानं. शनिवारी संघाबाहेर असलेला हा मुलगा आज सगळ्या मैदानाला दिसतोय. दुसऱ्या दिवशी लोकांच्या तोंडी स्पीर्सइतकंच त्याचंही नाव आहे. शेवटची शिट्टी वाजते. १-०.

कर्णधाराच्या हातात कप येतो तेव्हा नीट बघून घ्या, कारण हा कप अगदी नवा कोरा आहे. आधीचा असोसिएशनचे अध्यक्ष लॉर्ड किनेअर्ड यांना भेट दिला गेला. नव्या कपाचं काम ज्या पेढीला मिळालं ती फॅटोरिनी अँड सन्स ही ब्रॅडफर्डची, आणि कप पहिल्यांदा जिंकला तोही ब्रॅडफर्डनं. कादंबरीत असं लिहिलं असतं तर संपादकानं खोडलं असतं. शहरानं ते परत आलेल्या संघासाठी रस्ते भरून साजरं केलं. त्या वर्षी लीगमध्येही सिटी पाचवी आली. त्याहून वर तो क्लब आजवर गेलेला नाही, आणि तो कपही पुन्हा जिंकलेला नाही.

जाता जाता व्हॅली परेडच्या मुख्य स्टँडखालून एकदा जा. बाकांच्या फळ्यांमधल्या फटींतून कागद आणि सिगारेटची थोटकं खालच्या पोकळीत पडतात. कुणी ती झाडत नाही. तिथं ११ मे १९८५ ला लागलेल्या आगीत ५६ माणसं गेली.

यानंतर स्पीर्स फार दिवस ब्रॅडफर्डमध्ये राहिला नाही. लीगचे ८६ सामने आणि २९ गोल झाल्यावर डिसेंबर १९१२ मध्ये क्लबनं त्याला शेजारच्या लीड्स सिटीला विकलं, १,४०० पौंडांना. त्या काळात ही रक्कम जबर होती. त्याच्या आठवड्याच्या पगाराशी तुलना करून बघा: चार पौंडांच्या हिशेबानं तेवढे पैसे कमवायला त्याला जवळजवळ सात वर्षं लागली असती. ते पैसे एका क्लबकडून दुसऱ्याकडे गेले.

लीड्स सिटी दुसऱ्या श्रेणीत होती, पण तिथं मॅनेजर हर्बर्ट चॅपमन होता, जो पुढे हडर्सफील्ड आणि आर्सेनलला मोठं करणार होता. तुम्ही १९१४ च्या वसंतात त्यांच्या एलंड रोड मैदानावर आलात तर हा संघ वर चढेल अशी सगळ्यांची खात्री झालेली दिसेल. संघ चौथा आला, दोन जागांनी हुकला. स्पीर्सचा खेळ मात्र इथंच सर्वात भरला: ७३ सामने, ३२ गोल. शेजारी बिली मॅक्लिऑड असे, त्याहूनही जास्त गोल करणारा. आणि एव्हलिन लिंटॉटही, जो ब्रॅडफर्डपासूनचा सोबती, व्यवसायानं शिक्षक.

ऑगस्ट १९१४ ला युद्ध सुरू झालं आणि लीग थांबली नाही. आयब्रॉक्सची सवय पुन्हा. वर्तमानपत्रं तरण्याताठ्या खेळाडूंवर तुटून पडली. तुम्ही मैदानाबाहेर उभे राहिलात तर लष्करभरतीची पत्रकं हातात येतात. एडिनबराच्या हार्ट्स क्लबचे खेळाडू नोव्हेंबरातच एकगठ्ठा दाखल झाले होते. लिंटॉट वेस्ट यॉर्कशर रेजिमेंटमध्ये अधिकारी झाला आणि १ जुलै १९१६ ला, सोमच्या लढाईच्या पहिल्याच दिवशी, पडला.

स्पीर्सनं हंगाम पूर्ण केला आणि मे १९१५ मध्ये ग्लासगोला जाऊन नाव नोंदवलं. वय २९, लग्न झालेलं, दोन लहान मुलं. सक्तीची भरती १९१६ ला आली, आणि विवाहितांना तर आणखी नंतर लागू झाली. त्याला कुणी ओढून नेलं नव्हतं. का गेला असेल? तुम्ही त्या कचेरीच्या दारात उभे राहून त्याचा चेहरा वाचायचा प्रयत्न कराल, मीही केलाय. देशभक्ती असेल, पत्रकांची लाज असेल. पण लीगचा हंगाम संपला होता, आणि आयुष्यात पहिल्यांदाच कुठे जायचं हे ठरवायला त्याला कुणाची परवानगी लागत नव्हती. ही माझी समजूत आहे, पुरावा नाही.

क्वीन्स ओन कॅमेरॉन हायलँडर्स, सातवी बटालियन. फ्रान्समध्ये वसंत १९१७ च्या आरासच्या लढाईत शौर्याबद्दल मिलिटरी मेडल, मग सार्जंटची बढती. जुलैत सुट्टीवर घरी. ऑगस्टच्या २० तारखेला बेल्जियममध्ये, पाशेंडेलच्या लढाईत, मांडीत गोळी लागली आणि तो सरपटत तोफगोळ्यानं पडलेल्या खड्ड्यात गेला असं सांगितलं जातं. तिथवर तुम्हाला मी नेणार नाही. इप्रजवळच्या डॉकी फार्म दफनभूमीत त्याची कबर आहे. टॉरन्सही १९१८ च्या वसंतात त्याच बाजूला मारला गेला.

हवं असेल तर आणखी दोन तासांसाठी थांबा. १७ ऑक्टोबर १९१९, लीड्समधलं मेट्रोपोल हॉटेल. युद्धकाळात खेळाडूंना चोरून पैसे दिल्याचा आरोप आहे, आणि लीड्स सिटी हिशेबाच्या वह्या दाखवायला तयार नाही, म्हणून लीगनं क्लब बरखास्त केलाय. आज त्याच्या मालमत्तेचा लिलाव आहे. जाळ्या, बूट, कपडे आणि खेळाडू. तीसेक क्लबांची माणसं पाकिटं घेऊन आलीत. खेळाडूंना विचारायचा प्रश्न येत नाही, ते बाहेर थांबलेत. सगळं मिळून ९,२५० पौंड जमतात. बिली मॅक्लिऑड नॉट्स काउंटीला जातो, १,२५० ला. त्याच्या शेजारी खेळणाऱ्या इनसाइडसाठी याच क्लबनं सात वर्षांपूर्वी दीडशे पौंड जास्त मोजले होते.